अणुवीज: लोक पुन्हा पुन्हा विचारतात ते प्रश्न

अणुविजेवर लिहायला लागल्यापासून जे प्रश्न सतत येत राहिले, ते इथे एकत्र केले आहेत. शब्द शक्यतो विचारणाऱ्यांचेच ठेवलेत. काही प्रश्न भीतीपोटी आलेले, काही रागाने विचारलेले. भीती आणि राग दोन्हींमागे कारणं आहेत, म्हणून कोणताही प्रश्न वगळलेला नाही. प्रत्येक उत्तर स्वतंत्रपणे वाचता येईल. जिथे दुसऱ्या उत्तराशी संबंध येतो तिथे त्या प्रश्नाचा क्रमांक दिलाय.

माझं मत आधीच सांगते, म्हणजे वाचताना ते लक्षात ठेवता येईल. अणुवीज सुरक्षितपणे चालवता येते, पण चालवणारे आणि त्यांच्यावर देखरेख करणारे स्वतःच्या चुका उघड करणारे असतील तरच.

1. अणुभट्टीत नेमकं काय होतं? वीज कशी तयार होते?

पाणी उकळतं आणि त्याची वाफ टर्बाइन फिरवते. इथून पुढचं सगळं औष्णिक केंद्रासारखंच असतं. फरक आहे तो उष्णता कुठून येते यात. युरेनियम-235 च्या अणुकेंद्रकावर न्यूट्रॉन आदळला की ते दुभंगतं, बरीच उष्णता बाहेर पडते आणि सोबत दोन-तीन नवे न्यूट्रॉन सुटतात. त्यांतला सरासरी एकच पुढचं केंद्रक फोडेल एवढा ताबा ठेवला की साखळी अभिक्रिया संथपणे चालू राहते. हा ताबा न्यूट्रॉन शोषून घेणाऱ्या नियंत्रक कांड्यांनी ठेवतात.

विखंडनाचा शोध 1938 च्या अखेरीस लागला. प्रयोग ओटो हान आणि फ्रिट्झ स्ट्रासमान यांचा. त्याचा अर्थ लावला लिझ माइटनर आणि ओटो फ्रिश यांनी. 1954 मध्ये सोव्हिएत संघातल्या ओबनिन्स्कच्या छोट्या केंद्राने ग्रिडला वीज दिली. आज जगातली साधारण 9 टक्के वीज विखंडनातून येते. 1990 च्या दशकात हा वाटा 17 टक्क्यांच्या घरात होता.

2. अणुभट्टीचा अणुबॉम्बसारखा स्फोट होऊ शकतो का?

नाही. निसर्गात मिळणाऱ्या युरेनियममध्ये युरेनियम-235 जेमतेम 0.7 टक्के असतं. बहुतेक वीजकेंद्रांच्या इंधनात ते 3 ते 5 टक्क्यांपर्यंत वाढवतात. बॉम्बसाठी ते 90 टक्क्यांच्या आसपास लागतं, शिवाय सगळं द्रव्य क्षणार्धात एकत्र दाबून धरावं लागतं. भट्टीची रचनाच अशी नसते.

पण हे उत्तर इथेच थांबवणं अप्रामाणिकपणाचं होईल. भट्टी बॉम्बसारखी फुटत नाही, तरी दुसऱ्या तऱ्हेने फुटू शकते. चेर्नोबिलला वाफेच्या दाबाने भट्टीचं झाकण उडालं. फुकुशिमाला इंधनावरचं झिर्कोनियमचं आवरण अतितप्त होऊन वाफेशी त्याची अभिक्रिया झाली, हायड्रोजन तयार झाला आणि इमारतींची छपरं उडाली. असे स्फोट शहर उद्ध्वस्त करत नाहीत, मात्र किरणोत्सारी द्रव्यं बाहेर पडायला वाट करून देतात.

3. मग खरा धोका कशाचा? भट्टी बंद केली की प्रश्न मिटत नाही का?

मिटत नाही, आणि या विषयातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट हीच आहे. नियंत्रक कांड्या आत सोडल्या की विखंडन काही सेकंदांत थांबतं. तोवर दुभंगलेल्या केंद्रकांचे तुकडे मात्र स्वतःच किरणोत्सारी असतात, आणि ते विघटित होताना उष्णता देत राहतात. चूल विझवली तरी निखारे धगधगत राहावेत तसं. फरक इतकाच की या निखाऱ्यांवर पाणी ओतून ते विझत नाहीत, फक्त थंड ठेवता येतात.

आकड्यांत सांगायचं तर 1,000 मेगावॅट वीज देणाऱ्या भट्टीत साधारण 3,000 मेगावॅट उष्णता तयार होते. भट्टी बंद केल्याक्षणी तिच्या 6 ते 7 टक्के, म्हणजे 200 मेगावॅटच्या आसपास उष्णता शिल्लक असते. तासाभराने ती दीड टक्क्याच्या आसपास येते, दिवसाने अर्ध्या टक्क्यावर. अर्धा टक्का ऐकायला किरकोळ वाटतो, पण तो 15 मेगावॅट असतो, आणि पाणी फिरवणारे पंप थांबले तर गाभा, म्हणजे भट्टीतला इंधनाचा भाग, वितळवायला पुरतो. म्हणून बंद असलेल्या भट्टीलाही बाहेरून वीज लागते, ती गेली तर डिझेल जनित्रं, तीही गेली तर बॅटऱ्या. नव्या धाटणीच्या काही भट्ट्यांत पाणी उंचावरच्या टाकीतून आपोआप खाली येईल अशी सोय असते, त्यामुळे पहिले काही दिवस पंपाशिवाय निभावतं. एखाद्या केंद्राची सुरक्षितता जोखायची असेल तर मी पहिला प्रश्न हाच विचारते: सगळी वीज गेली तर किती तास?

4. त्या मोठ्या मनोऱ्यांतून पांढरा धूर निघतो, तो किरणोत्सारी असतो का?

तो धूर नसतो, पाण्याची वाफ थंड होऊन झालेलं धुकं असतं. असे मनोरे कोळशाच्या केंद्रांवरही असतात. गाभ्यातून फिरणारं पाणी वेगळ्या, बंद वळणातलं असतं.

5. केंद्राशेजारी राहणाऱ्यांना रोज किती किरणोत्सर्ग मिळतो?

जमीन, हवेतला रेडॉन, अन्न आणि अवकाशातून येणारे किरण यांमुळे माणसाला वर्षाला सरासरी 2.4 मिलिसिव्हर्ट मात्रा मिळतेच. पोटाच्या एका सीटी स्कॅनमध्ये 10 मिलिसिव्हर्टच्या आसपास मिळते. सुरळीत चालणाऱ्या अणुवीज केंद्राशेजारची वाढ सहसा एका मिलिसिव्हर्टच्या शंभराव्या भागाच्या आसपास किंवा त्याहून कमी असते. सर्वसामान्यांसाठी आंतरराष्ट्रीय मर्यादा वर्षाला 1 मिलिसिव्हर्ट आहे. कामगारांसाठी पाच वर्षांच्या सरासरीने वर्षाला 20.

या उत्तराला एक अपवाद सतत पुढे केला जातो, आणि तो पुढे करणं रास्त आहे. त्यासाठी प्रश्न 17 पाहा.

6. थोडासाही किरणोत्सर्ग घातकच असतो, हे खरं का?

इथे शास्त्रज्ञांतच एकमत नाही. 1,000 मिलिसिव्हर्टच्या आसपासची मात्रा एकदम मिळाली तर उलट्या, रक्तपेशी घटणं अशी लक्षणं दिसतात. 4,000 ते 5,000 मिलिसिव्हर्ट मिळालेल्यांतले निम्मे उपचारांविना दगावतात. हिरोशिमा-नागासाकीतून वाचलेल्यांचा दशकानुदशकं अभ्यास झाला. 100 मिलिसिव्हर्टच्या वर मात्रा वाढेल तसा कर्करोगाचा धोका वाढतो हे त्यातून स्पष्ट झालं. त्याखाली परिणाम इतका लहान असतो की एरवी होणाऱ्या कर्करोगांतून तो वेगळा काढणं फार अवघड जातं. नियम करताना मात्र धोका शून्यापर्यंत सरळ रेषेत घटत जातो असंच गृहीत धरतात. सावधगिरी म्हणून ते योग्य आहे. पण तेच गृहीतक उलट वापरून, लाखो लोकांना मिळालेली नगण्य मात्रा गुणून मृत्यूंचा आकडा काढला तर तो भरवशाचा राहत नाही.

7. चेर्नोबिलमध्ये नक्की किती माणसं मेली? प्रत्येक जण वेगळा आकडा का सांगतो?

कारण प्रत्येक जण वेगळी गोष्ट मोजतो. 26 एप्रिल 1986 च्या रात्री चौथ्या भट्टीवर एक चाचणी चालू होती. त्या प्रकारच्या भट्टीत पाण्याची वाफ झाली की अभिक्रिया मंदावण्याऐवजी वाढत असे, आणि कांड्यांच्या टोकांना ग्राफाइट असल्यामुळे त्या आत सोडताच पहिल्या क्षणी अभिक्रिया आणखी भडकली. स्फोटात दोन कर्मचारी गेले. तीव्र किरणोत्सर्गबाधेचं निदान झालेल्या 134 जणांपैकी 28 जण पुढच्या काही महिन्यांत दगावले. इथपर्यंतचे आकडे पक्के आहेत.

त्यानंतर आल्या मुलांच्या गळ्यातल्या गाठी. किरणोत्सारी आयोडीन गवतावर पडलं, गाईंच्या दुधात उतरलं आणि दुधातून मुलांच्या थायरॉइडमध्ये गेलं. 2005 पर्यंत थायरॉइड कर्करोगाचे 6,000 हून जास्त रुग्ण नोंदले गेले. मृत्यू तोवर 15 होते, कारण हा आजार बहुधा बरा होतो. दूध वेळेवर थांबवलं असतं तर यातला मोठा भाग टळला असता. या गोष्टीचा राग मला आजही येतो.

भविष्यातल्या मृत्यूंचे अंदाज मात्र प्रश्न 6 मधल्या गृहीतकावर उभे आहेत. जागतिक आरोग्य संघटनेसह काढलेल्या 2005 च्या अंदाजानुसार सर्वाधिक मात्रा मिळालेल्या सुमारे 6 लाख लोकांत 4,000 पर्यंत मृत्यू. 2006 मधल्या एका स्वतंत्र अहवालात व्यापक लोकसंख्येसाठी 30,000 ते 60,000. दोन्हींतला कोणताही आकडा मोजून आलेला नाही, हे दोन्ही बाजूंनी लक्षात ठेवावं.

आणखी एक तपशील. केंद्राशेजारचं प्रिप्यात शहर रिकामं करायला दीड दिवस लागला आणि जगाला काहीच सांगितलं गेलं नाही. 28 एप्रिलच्या सकाळी स्वीडनमधल्या फोर्समार्क अणुवीज केंद्रात एका कर्मचाऱ्याच्या बुटांमुळे किरणोत्सर्ग मोजणारं यंत्र वाजलं. गळती आपल्याच केंद्रात असेल असं तिथल्या लोकांना आधी वाटलं. शोध घेतल्यावर कळलं की द्रव्य बाहेरून, पावसातून आलंय. सोव्हिएत सरकारने अपघाताची कबुली त्या दिवशी संध्याकाळी दिली.

8. फुकुशिमा ही तर नैसर्गिक आपत्ती होती. त्यात केंद्राचा काय दोष?

भूकंप आणि त्सुनामी नैसर्गिक होत्या, पण केंद्र कोसळलं ते मानवी निर्णयांमुळे. 11 मार्च 2011 ला 9.0 तीव्रतेचा भूकंप झाला. चालू भट्ट्या ठरल्याप्रमाणे आपोआप बंद पडल्या, बाहेरची वीज गेली, डिझेल जनित्रं सुरू झाली. इथपर्यंत सगळं रचनेप्रमाणे झालं. पन्नासेक मिनिटांनी 14-15 मीटर उंचीची लाट आली. बहुतेक जनित्रं आणि विजेचे फलक तळघरांत होते, ते बुडाले. पुढचं प्रश्न 3 मध्ये सांगितलंय तसंच घडलं, आणि तीन भट्ट्यांचे गाभे वितळले.

ही लाट कल्पनेपलीकडची नव्हती. 2008 मध्ये केंद्र चालवणाऱ्या कंपनीच्याच अंतर्गत हिशेबात 15.7 मीटरचा आकडा निघाला होता. त्यावर कृती झाली नाही. जपानच्या संसदेने नेमलेल्या चौकशी आयोगाने 2012 मध्ये ही दुर्घटना मानवनिर्मित ठरवली, आणि नियामक संस्था ज्या उद्योगावर देखरेख करायची त्याच्याच कह्यात गेली होती, असा ठपका ठेवला.

याला प्रत्युत्तर म्हणून ओनागावाचं उदाहरण मी नेहमी देते. हे केंद्र भूकंपाच्या केंद्रबिंदूला फुकुशिमापेक्षा जवळ. लाट तिथेही साधारण 13 मीटरची आली. पण बांधणाऱ्यांनी जुन्या त्सुनामींच्या नोंदी गांभीर्याने घेऊन केंद्र 14.8 मीटर उंचीवर बांधलं होतं. भट्ट्या सुखरूप बंद झाल्या, आणि घरं वाहून गेलेले आसपासचे लोक त्याच केंद्राच्या आवारात आसऱ्याला राहिले. देश तोच, लाटही तीच.

9. फुकुशिमात किरणोत्सर्गाने किती बळी गेले?

फुफ्फुसाच्या कर्करोगाने झालेला एका कामगाराचा मृत्यू जपान सरकारने 2018 मध्ये किरणोत्सर्गाशी जोडला. पण तेवढंच सांगून थांबणारे अर्धसत्य सांगतात. दीड लाखाहून जास्त लोकांना घरं सोडावी लागली. रुग्णालयांतून आणि वृद्धाश्रमांतून घाईने हलवलेले आजारी लोक, पुढे विस्थापनात खचलेली माणसं धरली तर त्या प्रांतात आपत्तीशी संबंधित मृत्यूंची नोंद 2,000 हून जास्त आहे. किरणोत्सर्गाच्या भीतीने, गोंधळलेल्या स्थलांतराने गेलेली माणसं अणुअपघाताचेच बळी आहेत. स्थलांतराची योजना कागदावर नीट असणं आणि प्रत्यक्षात नीट होणं यांतल्या अंतराची ती किंमत आहे.

10. माणसाच्या हातून चूक होणारच. मग अशी यंत्रं चालवायचीच कशाला?

चूक होणार हे धरूनच रचना करावी लागते, आणि हा धडा अमेरिकेतल्या थ्री माइल आयलंडने दिला. 28 मार्च 1979 ला तिथल्या भट्टीचा दाब कमी करणारा एक व्हॉल्व्ह उघडला आणि परत बंद झालाच नाही. त्यातून पाणी निघून जात होतं. नियंत्रण कक्षातल्या फलकावरचा दिवा मात्र व्हॉल्व्ह बंद असल्याचं दाखवत होता. तो दिवा व्हॉल्व्हची खरी स्थिती सांगतच नव्हता. बंद होण्याचा आदेश गेला, एवढंच सांगत होता. कर्मचाऱ्यांना वाटलं पाणी जास्त झालंय, म्हणून त्यांनी आपत्कालीन पाणीही कमी केलं. जवळपास निम्मा गाभा वितळला. बाहेरचं जाड संरक्षक कवच टिकलं, त्यामुळे लोकांना मिळालेली मात्रा फार कमी राहिली. त्यानंतर नियंत्रण कक्षांची मांडणी, कर्मचाऱ्यांचं प्रशिक्षण, एका केंद्रातला बिघाड दुसऱ्या केंद्रांना कळवण्याची पद्धत, सगळं बदललं.

11. अणुवीज कोळशापेक्षा सुरक्षित आहे असं म्हणतात. आकडेवारीची हातचलाखी तर नाही?

नाही, फक्त काय मोजलंय ते कळायला हवं. तेवढ्याच विजेमागे अपघात आणि हवेचं प्रदूषण यांमुळे जाणारे जीव मोजले, तर दर टेरावॅट-तासामागे (म्हणजे एक अब्ज युनिटमागे) कोळशाचे साधारण 25, नैसर्गिक वायूचे 3 च्या आसपास, जलविद्युतचे 1.3, आणि अणुवीज, पवन, सौर या तिघांचे 0.1 पेक्षाही कमी येतात. चेर्नोबिल आणि फुकुशिमा धरून. जलविद्युतच्या आकड्यात चीनमधल्या बानछियाओ धरणफुटीचा, 1975 चा, मोठा वाटा आहे.

कोळशाचे बळी रोज थोडे थोडे, दम्याने आणि हृदयविकाराने जातात, त्यांची बातमी होत नाही. तरीही ही तुलना करून लोकांची भीती मोडीत काढणं मला पटत नाही. घर कायमचं सोडावं लागण्याची शक्यता या आकड्यांत मोजलेलीच नसते. युरेनियम खाणकामगारांचाही विचार करावा: अमेरिकेतल्या नावाहो आदिवासींनी हवा खेळती नसलेल्या खाणींत वर्षानुवर्षं काम केलं आणि रेडॉनमुळे फुफ्फुसाच्या कर्करोगाने ते मोठ्या संख्येने गेले.

12. कचऱ्याचं काय? लाखो वर्षं कोण सांभाळणार?

1,000 मेगावॅटच्या भट्टीतून वर्षाला साधारण 20 ते 30 टन वापरलेलं इंधन निघतं. वजनाच्या मानाने जागा थोडी लागते. ते आधी काही वर्षं खोल पाण्याच्या हौदात ठेवतात. पाणी उष्णता ओढून घेतं आणि किरणही अडवतं. मग पोलाद आणि काँक्रीटच्या जाड पिंपांत. आजवर जगभरात असं सुमारे 4 लाख टन इंधन बाहेर निघालंय, आणि त्यातल्या साधारण एक तृतीयांशावर पुनर्प्रक्रिया झाली आहे.

सीझियम-137 आणि स्ट्रॉन्शियम-90 यांचं अर्धायुष्य, म्हणजे निम्मं द्रव्य विघटित व्हायला लागणारा काळ, 30 वर्षांच्या आसपास आहे. तीनशे वर्षांत ते हजाराव्या भागावर येतात. खरी अडचण प्लुटोनियमसारख्या द्रव्यांची. प्लुटोनियम-239 चं अर्धायुष्य 24,100 वर्षं. ते जमिनीखाली खोल, पाणी न झिरपणाऱ्या खडकात पुरावं यावर तज्ज्ञांचं बऱ्यापैकी एकमत आहे. फिनलंडमध्ये ओंकालो इथे जवळपास दोन अब्ज वर्षं जुन्या खडकात 400 मीटरहून खोल बोगदे खणलेत. इंधन तांब्याच्या नळकांड्यांत आणि भोवती बेंटोनाइट माती.

हे टिकेल कशावरून? एक पुरावा निसर्गानेच ठेवलाय. आफ्रिकेतल्या गॅबॉनमधल्या ओक्लो इथे सुमारे दोन अब्ज वर्षांपूर्वी युरेनियमच्या साठ्यात विखंडन आपसूक सुरू झालं आणि लाखो वर्षं अधूनमधून चालू राहिलं. 1972 मध्ये ते उघडकीला आलं, तेव्हा त्यातली बरीच द्रव्यं जागच्या जागी सापडली.

माझ्या मते कचऱ्याचा प्रश्न आज अभियांत्रिकीपेक्षा संमतीचा जास्त आहे. फिनलंडमध्ये ओंकालोच्या गावाला नकार देण्याचा हक्क होता, तरी गावाने होकार दिला. अमेरिकेत 1987 मध्ये नेवाडा राज्याच्या विरोधाला न जुमानता कचरा पुरायला तिथला युक्का पर्वत ठरवला गेला. अब्जावधी डॉलर खर्च झाले आणि काम बंद पडलं.

(कचरा रॉकेटने अवकाशात का पाठवत नाहीत, असंही विचारतात. रॉकेट उड्डाणात फुटतात, म्हणून. समुद्रात टाकायला 1993 च्या आंतरराष्ट्रीय निर्णयाने बंदी आहे.)

13. फुकुशिमाचं पाणी समुद्रात सोडतात, मग ती बंदी कुठे गेली?

बंदी जहाजातून नेऊन समुद्रात टाकण्यावर आहे. किनाऱ्यावरून सोडल्या जाणाऱ्या पाण्याचे नियम वेगळे. ऑगस्ट 2023 पासून सोडलं जाणारं पाणी गाळून बहुतेक किरणोत्सारी द्रव्यं काढलेलं असतं. ट्रिटियम (किरणोत्सारी हायड्रोजन) उरतं, कारण ते पाण्याच्या रेणूचाच भाग होऊन बसतं. लिटरमागे 1,500 बेकेरेलच्या खाली येईपर्यंत ते पातळ करतात. पिण्याच्या पाण्यासाठी जागतिक आरोग्य संघटनेची मार्गदर्शक मर्यादा 10,000 आहे. पाणी घातक आहे असं मला वाटत नाही. मच्छीमारांचा संताप मात्र खरा आहे. तुमच्याशी समजुतीशिवाय काही करणार नाही, असा शब्द त्यांना 2015 मध्ये दिला होता.

14. अणुवीज स्वस्त की महाग?

चालवायला स्वस्त, बांधायला फार महाग. खर्चाचा मोठा भाग पहिलं युनिट विकण्याआधीच होऊन जातो, त्यामुळे काम रखडलं की व्याज चढत जातं. फिनलंडच्या ओल्किलुओतो-3 चं काम 2005 मध्ये सुरू झालं, 2009 ला वीज मिळणार होती, नियमित मिळू लागली 2023 ला. 3 अब्ज युरोंचा अंदाज 11 अब्जांच्या आसपास पोहोचला. फ्रान्सच्या फ्लामानव्हिल-3 ला 2007 पासून 2024 चा डिसेंबर उजाडला. याउलट संयुक्त अरब अमिरातीतल्या बराकाहला 2012 ते 2024 मध्ये चार भट्ट्या उभ्या राहिल्या. तीच रचना लागोपाठ, त्याच अनुभवी माणसांनी बांधली की काम आटोक्यात राहतं; दर वेळी नवी रचना आणि बांधकाम चालू असताना बदल केले की हाताबाहेर जातं.

छोट्या, कारखान्यात बनवायच्या भट्ट्या हा त्यावरचा उपाय म्हणून पुढे आलाय. रशियाची तरंगती अकादमिक लोमोनोसोव आणि चीनची एक उच्च-तापमानाची भट्टी चालू आहे, पण घाऊक उत्पादनाची स्वस्ताई अजून कुणी करून दाखवलेली नाही. ती दिसेपर्यंत त्यांच्या दरांवर विसंबून धोरण आखू नये.

15. सौर आणि पवन इतके स्वस्त झालेत, मग अणुवीज हवीच कशाला? जर्मनीने बंदच केली ना?

हवामानबदलाच्या हिशेबात तिघंही एका पंगतीतले. बांधकाम, खाणकाम, इंधन धरून युनिटमागे अणुवीज आणि पवन यांचं उत्सर्जन 12 ग्रॅमच्या आसपास, सौरचं 50 च्या आत, कोळशाचं 800 च्या वर. सौर-पवन लवकर उभे राहतात आणि स्वस्त आहेत, म्हणून पैसा मर्यादित असेल तिथे त्यांना आधी संधी द्यावी असं मला वाटतं. अडचण येते ती रात्री आणि वारा पडलेल्या सलग दिवसांत; साठवणूक स्वस्त होईल तशी ती कमी होईल. किती आणि कधी, यावरच खरा वाद आहे.

जर्मनीने शेवटच्या तीन भट्ट्या 15 एप्रिल 2023 ला बंद केल्या. त्यांच्या जागी कोळसा आला हे म्हणणं पूर्ण खरं नाही. तिथे सौर-पवन भरपूर वाढले आणि कोळसाही घटला. पण लिग्नाइटची (तपकिरी कोळशाची) केंद्रं चालू असताना नीट चालणाऱ्या अणुभट्ट्या आधी बंद करणं हा क्रम चुकला, असं माझं स्पष्ट मत आहे. सगळ्या बंद करायच्याच होत्या तर कोळशाच्या नंतर बंद व्हायला हव्या होत्या.

चाळीस वर्षांच्या जुन्या भट्ट्या पुढे चालवाव्यात का, हाही त्यातलाच प्रश्न. पंप, नळ्या, वाफेची यंत्रणा बदलता येते. न्यूट्रॉनच्या माऱ्याने ठिसूळ होत जाणारं भट्टीचं मुख्य पोलादी पात्र मात्र बदलत नाहीत. त्याच्या नमुन्यांची तपासणी काय सांगते ते पाहून परवानगी द्यावी, आणि तो अहवाल लोकांपुढे ठेवावा.

16. वीजकेंद्राच्या नावाखाली देश बॉम्ब बनवतात का? आणि युद्धात केंद्रावर हल्ला झाला तर?

वीजकेंद्रापेक्षा त्याच्या दोन टोकांना असलेल्या कारखान्यांकडे लक्ष ठेवावं लागतं: युरेनियम समृद्ध करणारा, म्हणजे त्यातलं युरेनियम-235 चं प्रमाण वाढवणारा एक, वापरलेल्या इंधनातून प्लुटोनियम वेगळं काढणारा दुसरा. समृद्धीकरणाची यंत्रं 5 टक्क्यांवर थांबवायची की 90 पर्यंत न्यायची, हा निर्णय राजकीय असतो. भारताच्या 1974 च्या चाचणीतलं प्लुटोनियम सायरस या संशोधन भट्टीतून आलं होतं, वीजकेंद्रातून नव्हे. म्हणजे संबंध नाही असं म्हणता येत नाही, पण तो सरळही नाही. थोरियमने हा प्रश्न सुटेल अशी आशा अनेकांना असते. थोरियम स्वतः इंधन नाही. न्यूट्रॉन शोषून त्याचं युरेनियम-233 होतं, आणि तेही तत्त्वतः बॉम्बसाठी वापरता येतं. सोबत तयार होणाऱ्या युरेनियम-232 मुळे तीव्र गॅमा किरण येतात, त्याने ते हाताळणं अवघड होतं, अशक्य होत नाही.

युद्धाबद्दल 2022 पर्यंत बोलणं बरंचसं काल्पनिक होतं. मार्च 2022 मध्ये रशियाच्या सैन्याने युक्रेनमधलं झापोरिझिया केंद्र ताब्यात घेतलं. सहा भट्ट्या, युरोपातलं सर्वांत मोठं केंद्र. बाहेरची वीज पुन्हा पुन्हा तुटली आणि डिझेल जनित्रांवर वेळ निभावली. जून 2023 मध्ये काखोवका धरण फुटलं आणि थंड करण्याच्या पाण्याचा मोठा साठा गेला. भट्ट्या बंद ठेवल्यामुळे उरलेली उष्णता बरीच घटली, म्हणून मोठा अनर्थ टळला. युद्धाचे नियम ठरवणाऱ्या जिनिव्हा करारांच्या 1977 च्या जोड-प्रोटोकॉलमध्ये अणुवीज केंद्रांना संरक्षण आहे, पण त्यातही अपवाद लिहिलेत. ते अपवाद काढून टाकावेत असं मला ठामपणे वाटतं.

17. केंद्राजवळच्या मुलांना रक्ताचा कर्करोग जास्त होतो, असा जर्मन अभ्यास आहे ना?

आहे, आणि तो गंभीरपणे केलेला आहे. 2007 मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात जर्मनीतल्या केंद्रांपासून 5 किलोमीटरच्या आत राहणाऱ्या, पाच वर्षांखालच्या मुलांत ल्युकेमियाचं प्रमाण जास्त आढळलं. 1980 ते 2003 या काळात त्या पट्ट्यातले रुग्ण 37 होते. संख्या लहान असली तरी ती मुलं आहेत. मात्र केंद्रांतून मिळणारी मात्रा हे प्रमाण समजावायला फारच तोकडी पडते, आणि ब्रिटनमधल्या तपासणीत तसं ठोस काही आढळलं नाही. लोकसंख्येची सरमिसळ आणि त्यातून होणारे संसर्ग, अशी कारणंही सुचवली गेली आहेत. सिद्ध कोणतंच झालेलं नाही. केंद्राजवळच्या पालकांनी हा अभ्यास दाखवला तर त्यांना उडवून लावू नये. आसपासच्या आरोग्याच्या नोंदी स्वतंत्र संस्थेने ठेवाव्यात आणि दरवर्षी जाहीर कराव्यात, ही मागणी त्यांनी जरूर करावी.

18. घरात आयोडीनच्या गोळ्या आणून ठेवू का?

अपघातक्षेत्रात येणाऱ्या घरांना बऱ्याच देशांत प्रशासनच त्या देतं. पोटॅशियम आयोडाइडची गोळी थायरॉइड आधीच भरून टाकते, म्हणजे किरणोत्सारी आयोडीनला तिथे जागा राहत नाही. बाकी कोणत्याही किरणोत्सारी द्रव्यावर तिचा उपयोग नाही. मात्रा मिळण्याआधीच्या 24 तासांत किंवा त्यानंतर दोनेक तासांत घेतली तर उपयोग सर्वांत जास्त. दिवस उलटून गेल्यावर घेतली तर फायद्यापेक्षा तोटाच. बालकं, गरोदर आणि स्तनपान देणाऱ्या स्त्रिया यांना ती सर्वांत गरजेची; चाळिशीनंतर फायदा थोडा. 1986 मध्ये पोलंडने कोटभर मुलांना आयोडीन वेळेत पाजलं.

आयोडीनयुक्त मीठ जास्त खाऊन हे होत नाही. 2011 मध्ये चीनमध्ये मिठासाठी झुंबड उडाली होती. मिठात आयोडीन इतकं कमी असतं की त्याने थायरॉइड भरत नाही, रक्तदाब मात्र वाढतो. गोळी जवळ असली तरी सूचना आल्याशिवाय घेऊ नका. तोवर घरात राहा, दारं-खिडक्या लावा, आणि उघड्यावर चरणाऱ्या जनावरांचं दूध मुलांना देऊ नका.